ओस्ताचे बूट, हाल्दिसचे पाय

हाल्दिसचे पाय मुळात समुद्रकाठचे. रुंद, पसरट, बोटं एकमेकांपासून फटकून राहणारी. ती वाढली ती मासेमारीच्या बेटावर. तिथं बर्फ पडायचा आणि संध्याकाळपर्यंत वारा तो समुद्रात ढकलून द्यायचा, त्यामुळे स्की ही वस्तू तिनं कॅलेंडरवरच पाहिलेली. मग तोर्ग्रीमशी लग्न झालं आणि ती या दरीत आली. इथं मूल चालायच्या आधी स्की मागतं असं लोक सांगतात, आणि न हसता सांगतात.

लग्नानंतरच्या पहिल्या ईस्टरला सासूनं, म्हणजे ओस्तानं, कोठारातून बुटांचा एक जोड काढून तिच्या पुढ्यात ठेवला. काळं जाड चामडं, वर डांबराच्या वासाचं ग्रीस चोपडलेलं. तळ पुढच्या बाजूला बदकाच्या चोचीसारखा चपटा बाहेर आलेला आणि त्या चोचीला खालून तीन भोकं. स्कीवरच्या बाइंडिंगचे, म्हणजे बूट धरणाऱ्या पकडीचे, तीन खिळे त्या भोकांत बसले आणि वरची पट्टी दाबली की बूट जखडला. टाच मोकळी, बोटं कैदेत.

"हे माझे," ओस्ता म्हणाली. "यांत मी पठार ओलांडलंय, हरवलेली गाय शोधलीय, आणि तोर्ग्रीम पोटात असताना डॉक्टरकडे गेलेय. आता तुझे."

हाल्दिसनं पाय आत घातला. म्हणजे घालायला गेली. आधी करंगळीनं नकार दिला, मग करंगळीच्या शेजारणीनं.

"जरा तंग आहेत."

"चामडं सैल होतं."

"कधी?"

"घालत राहिलं की."

चामडं काही सैल झालं नाही. हाल्दिसची करंगळी तेवढी आत वळली, ती कायमची.

ओस्ताच्या घरात कायदा एकच. जे चालतंय ते टाकायचं नाही. आणि जे चालत नाही तेही टाकायचं नाही, कारण कधीतरी चालेल. स्वतः ओस्ता बारीक, वाळलेल्या भाकरीसारखी कडक, ऐंशीच्या उंबरठ्यावर उभी आणि आत यायला तयार नाही. तिचा 'हो'सुद्धा काटकसरीचा. इथली जुनी माणसं 'हो' म्हणताना श्वास आत घेतात, पण ओस्ता तर असा ओढायची की आपण दिलेला होकार आपणच परत गिळून टाकतेय असं वाटावं. "ह्यो." बस. समोरच्याच्या हाती काहीच लागायचं नाही.

नवऱ्याचं म्हणाल तर तोर्ग्रीम भला माणूस. भांडण नाही, तंटा नाही. कुठल्याही प्रश्नावर तो आधी खिडकीबाहेर पाहायचा, मग म्हणायचा, "बघू." हाल्दिसनं बुटांचा विषय काढला की तो जास्त वेळ खिडकीबाहेर पाहायचा.

दर ईस्टरला त्यांचं सगळं घर डोंगरघरी जायचं. डोंगरघर पठाराच्या पलीकडच्या कडेला. तिथं रस्ता नाही, वीज नाही, आणि त्याबद्दल घरच्यांना अपार अभिमान. सकाळी रस्ता संपतो तिथं गाडी लावायची आणि दिवसभर स्कीवरून चालत जायचं. वाटेत तीनदा थांबायचं, संत्री सोलायची, सूर्याकडे तोंड करून डोळे मिटून बसायचं. हाल्दिस मात्र या बसण्यात कधी बसली नाही. पायांत निखारे भरल्यासारखी लंगडत ती सगळ्यांच्या मागून यायची. ती पोचायची तेव्हा बाकीच्यांची संत्री संपलेली असायची, आणि ओस्ता गुडघ्यावर हात ठेवून उठत म्हणायची, "आली का? चला तर मग."

दरवर्षी. दरवर्षी हेच वाक्य, याच सुरात.

नवे बूट घ्यायला कुणी मना केलं होतं? कुणीच नाही. पण दरीतलं एकमेव खेळसामानाचं दुकान ओस्ताच्या मावसभावाचं. तिथं हाल्दिसनं नुसती लेस विकत घेतली असती तरी ती घरी पोचायच्या आत ओस्तानं विचारलं असतं, "जुनीला काय झालं?" आणि सासूनं पायांत दिलेले बूट नाकारायचे म्हणजे बूटच नाकारायचे नव्हते. पठार, गाय आणि पोटातला तोर्ग्रीम, सगळंच नाकारायचं होतं.

हाल्दिस शाळेची बस चालवायची. एका शरदात, झाडांची पानं पिवळी पडून गळायला लागली होती तेव्हा, बस दुरुस्तीला म्हणून खिंडीपलीकडच्या गावी न्यावी लागली. गॅरेजवाला म्हणाला, संध्याकाळपर्यंत वेळ आहे. समोरच एक दुकान होतं. ती आत गेली. बसायला, असं तिनं स्वतःला सांगितलं.

दुकानदार योमार. चाळिशीतला, दाढीवाला, आणि बोलायला लागला की उतारावर सुटलेल्या स्कीसारखा.

"बूट? छान. केव्हा आलीस? दुपारी. उत्तम! सकाळी बूट घेऊ नये, सकाळी पाय लहान असतो. दुपारी तो खरा होतो. मोजे? हे पातळ? नाही नाही नाही. डोंगरात घालतेस तेच मोजे घाल. नसतील तर हे घे, धुतलेले आहेत, शपथेवर. थांब! बसून नाही. उभी राहा. बसलेला पाय खोटं बोलतो."

हाल्दिस उभी राहिली. योमारनं तिच्या पायांकडे पाहिलं आणि आत वळलेल्या करंगळीशी येऊन थांबला.

"कुणाचे बूट घालतेस तू?"

"सासूचे."

"आणि स्की?"

"तिच्याच."

"बघ, लोक इथंच चुकतात. आजोबांच्या स्की असतात. त्या स्कींवर आजोबांचं बाइंडिंग. त्या बाइंडिंगला बसेल तो बूट शोधायचा आणि त्या बुटात बसेल तसा पाय कोंबायचा. उलटं आहे ते! आधी पाय, पायाला बूट, बुटाला बाइंडिंग. स्की सगळ्यात शेवटी."

त्यानं बूट काढले. एकाचं टोक आणि टाच धरून ओलं फडकं पिळावं तसा पिळून दाखवला. "वाकला पाहिजे, पण पिळला जाता कामा नये. पिळला गेला तर उतारावर तू वळशील, स्की वळणार नाही." मग तिला एका उतरत्या फळीवर उभं केलं. "बोटं पुढे टेकतात?" नाही. फळी उलटी केली. "टाच उचलली जाते?" नाही. "बोटं हलव. पियानो वाजव आतल्या आत."

हाल्दिसनं बोटं हलवली. ती हलली. दहाच्या दहा, वळलेली करंगळीसुद्धा. तिला एकदम रडू फुटायला आलं, तेव्हा तिनं भिंतीवरच्या हातमोज्यांच्या किमती वाचायला घेतल्या.

बाइंडिंगवर मात्र गाडी अडली. योमारला टाचेभोवती तार येणारं नवं, भक्कम बाइंडिंग बसवायचं होतं. पण स्की होत्या ओस्ताच्या कोठारात, भिंतीवर, नावाच्या खुंटीला. त्यांत नवं भोक पाडायचं म्हणजे चर्चच्या दारात खिळा मारण्यासारखं. शेवटी त्यानं तीन भोकांच्या चोचीचेच नवे बूट दिले. जुन्या बाइंडिंगला बसणारे, पण तिच्या पायाचे.

"आणि जुन्या बुटांचं एक सांगतो," दारापर्यंत येत योमार म्हणालाच. "वरचं चामडं पाहून फसू नकोस. घरात कुणाचे रबरी तळाचे जुने बूट असतील तर तळ वाकवून बघ. चामड्याला लोक लोणी लावल्यासारखं ग्रीस लावतात, आणि तळ आतून बिस्किटासारखा भुसभुशीत होत जातो. एक दिवस सुटतो. आणि तो दिवस कधीही घराजवळचा नसतो."

बूट तर मिळाले. आता ते दिसता कामा नयेत. मग हाल्दिसनं जे केलं त्याला दरीत तोड नाही. नव्या बुटांना तिनं म्हातारपण आणलं. बस आगारामागच्या खडीत ते घासले, काळं ग्रीस थापलं, लाल लेस काढून जुनी करडी ओवली. आणि पायाशी ओळख व्हावी म्हणून आठवडाभर ते घालून बस चालवली.

"हाल्दिस, बस चालवतेयस की डोंगर चढतेयस?" मागून एक पोरगी ओरडली.

"चढावर गिअर पडत नाही म्हणून," हाल्दिस म्हणाली.

हिवाळाभर ते बसच्या सीटखाली राहिले. ईस्टर जवळ आला तसे कोठारात आले आणि जुन्यांनी सीटखालची जागा घेतली. ग्रीस लावायच्या रविवारी ओस्ता स्वतःचे बूट मांडीवर घेऊन बसली होती. तिचे तपकिरी, रबरी तळाचे, तिच्या भाषेत 'नवे', म्हणजे तोर्ग्रीम सैन्यातून परतला त्या सालचे. वर्षभर ते स्टोव्हमागच्या उबेत लटकायचे. हाल्दिसची नजर तळाकडे गेली. चामडं आणि रबर जिथं भेटतात तिथं केसाएवढी भेग होती. एका जागी नाही, सगळीकडे.

"ओस्ता, तळ जरा वाकवून बघूया का?"

"का?"

"म्हणजे... रबर जुनं झालं की..."

"कुणी सांगितलं?"

कुणी सांगितलं, हे सांगायचं तर दुकान सांगावं लागणार. दुकान सांगितलं की बूट आलेच. हाल्दिस म्हणाली, "असंच. ऐकलं कुठंतरी."

"बेटावर ऐकलं असशील," ओस्ता म्हणाली. "माशांबद्दल काही असलं तर मी तुला विचारेन. बुटांबद्दल नको." आणि बोटावर आणखी ग्रीस घेतलं.

तोर्ग्रीम आदल्या दिवशी पुढे गेला, डोंगरघराचं दार बर्फातून उकरायला आणि स्टोव्ह पेटवायला. हाल्दिस-तोर्ग्रीमची मुलं मोठी झालेली, ती या वर्षी येणार नव्हती. म्हणून त्या ईस्टरला पठारावर दोघीच निघाल्या. हाल्दिसच्या कमरेला पट्टा, पट्ट्याला दोन ताठ दांडे आणि दांड्यांना पुल्क, म्हणजे बर्फावरून ओढायची गाडी. गाडीत संत्री, सॉसेज, तपकिरी चीज आणि ओस्ताचं रेनडिअरचं कातडं.

पहिल्या चढाला हाल्दिसच्या लक्षात आलं की काहीतरी चुकतंय. काहीच दुखत नव्हतं. दुसऱ्या चढाला तिनं वळून पाहिलं, तर ओस्ता मागे होती. बरीच मागे. हाल्दिस थांबली, संत्रं सोललं, सूर्याकडे तोंड केलं. ओस्ता पोचली तेव्हा हाल्दिसच्या ओठांवर 'आली का? चला तर मग' आलं होतं. तिनं ते गिळलं आणि संत्र्याची फोड पुढे केली.

"आज घाई आहे वाटतं कुणाला," ओस्ता म्हणाली.

पठारावर, ना धड इकडे ना धड तिकडे अशा जागी, वारा उठला. बर्फाची पूड जमिनीलगत सापासारखी सरपटू लागली. आणि मागून आवाज आला. मोठा नाही. टोस्ट मोडावा तसा.

ओस्ता बर्फात बसली होती. स्की तिच्याशेजारी पडली होती. बाइंडिंगनं बुटाची चोच घट्ट धरून ठेवलेली, आणि चोचीमागचा बूट निघून आलेला. तळाचे तुकडे बर्फावर काळ्या बिस्किटाच्या चुऱ्यासारखे पसरले होते.

"टेप," ओस्ता म्हणाली.

टेप गुंडाळली. चार पावलं टिकली. मग पट्टा बांधला. तो त्याहून कमी टिकला. पकडायला चोचच नाही म्हटल्यावर बाइंडिंग धरणार काय? तोवर दुसऱ्या बुटाचा तळही लोंबायला लागला. फोनला रेंज नव्हती, तिथं कधीच नसते. ओस्ता दोन पावलं चालून मांडीपर्यंत बर्फात रुतली आणि तशीच उभी राहिली. बाहेर निघता येईना, आणि ओढ म्हणून सांगवेना.

"गाडीत बस," हाल्दिस म्हणाली.

"मी सॉसेज नाही."

"नाहीस. सॉसेज इथं ठेवू, स्की रोवून खूण करू. बस."

"कॉफी राहू दे. कॉफी सोडून मी येणार नाही."

शेवटी कातडं अंथरून, कॉफीचा डबा पोटाशी धरून, दोरीनं आडवीतिडवी बांधलेली ओस्ता गाडीत बसली. फक्त नाक बाहेर. हाल्दिसनं पट्टा आवळला आणि गाडी वळवली. आल्या वाटेनं.

"कुठे?" गाडीतून आवाज आला. "डोंगरघर तिकडे आहे!"

"पुढे वारा तोंडावर आहे. मागे पाठीवर."

"'वळण्यात लाज नाही' हा डोंगराचा नियम शाळेतल्या पोरांसाठी आहे! आमच्या घरात कुणी वळलेलं नाही."

"पट्टा माझ्या कमरेला आहे, ओस्ता."

ओस्ता बांधलेली होती. पण हाल्दिसही काही सुटलेली नव्हती. पायांना पहिल्यांदा मोकळीक मिळाली त्याच दिवशी अख्खी सासू कमरेला जखडलेली, दांड्यांसकट. एक पाऊल टाकलं की मागून एक हिसका. आणि गाडीत बसलेल्या माणसाला पाहायला दुसरं काहीच नसतं. समोर पांढरं, वर पांढरं, आणि नाकासमोर ओढणाऱ्याच्या टाचा. ओस्तानं त्या टाचा बराच वेळ पाहिल्या.

"हाल्दिस."

"काय?"

"थांब."

"थांबले तर गारठशील."

"मग चालत बोल. हे बूट कुणाचे?"

"माझे."

"माझ्या बुटाच्या टाचेवर चीर आहे. गायीनं शिंग मारलं होतं. ती कुठे गेली?"

हाल्दिसनं चार-पाच पावलं टाकली. "बसमध्ये आहे."

"चीर बसमध्ये आहे आणि बूट इथं?"

"चीर, बूट, दोन्ही बसमध्ये. सीटखाली."

वाऱ्याचा आवाज. मग, "कधीपासून?"

"पानं गळत होती तेव्हापासून."

"म्हणजे हिवाळाभर खोटं बोललीस."

"बोलले नाही. ग्रीस लावलं."

उतार लागला. गाडी दांड्यांवर रेटा देऊ लागली. दरवर्षी या उतारावर हाल्दिस बसून घसरायची, कारण सासूच्या बुटांत तिची बोटं सुन्न पडलेली असायची आणि कुठली स्की कुठे जातेय ते तिला कळायचंच नाही. आज तिनं टाच दाबली, स्की आडवी झाली, गाडी मागोमाग आली. पुन्हा दाबली, पुन्हा वळली. मागून ओस्ता शिव्या घालत होती, हाल्दिसला की उताराला ते कळत नव्हतं.

खाली सपाटीला लागल्यावर ओस्ताचा आवाज बदलला. "तुला माहीत होतं. माझा तळ जाणार हे."

"भेग दिसली होती."

"सांगितलं का नाहीस?"

"सांगायला आले होते. तू मासे काढलेस."

"रेटून सांगायचं."

"रेटलं असतं तर माझे बूट बाहेर आले असते."

"म्हणजे स्वतःच्या बुटांसाठी मला पठारावर नेलंस."

ते खरं होतं, आणि हाल्दिसला ते भेग दिसल्या दिवसापासून ठाऊक होतं. ती ओढत राहिली. रस्ता संपतो तिथं लावलेल्या मोटारीपर्यंत.

दरीत परतल्या तो सगळं बंद. ईस्टरचा गुरुवार, ईस्टरचा शुक्रवार. दुकानं बंद, बस बंद, शेजारी सगळे डोंगरात. घरात दोघीच. सॉसेज पठारावर, तोर्ग्रीम डोंगरघरी. शुक्रवारी बचावपथकाचा एक जण स्नोस्कूटरवरून तिकडे निघाला होता, त्याच्याबरोबर निरोप धाडला की आम्ही सुखरूप आहोत. परत येताना त्यानं उत्तर आणलं: "तो म्हणाला, बघू."

दोन दिवस ओस्ता खुर्चीत बसून राहिली आणि हाल्दिस तिच्यासमोरच्या खुर्चीत. स्वयंपाकघरात जावं तर ओस्ता तिथं. कोठारात जावं तर तिथं भिंतीवर रिकाम्या खुंट्या. कॉफी तेवढी भरपूर होती. ओस्ता मधूनच म्हणायची, "वळलो आपण," जसं कुणी गेल्याचं सांगावं. हाल्दिस म्हणायची, "हो." आणि तिच्या ध्यानात यायचं की आपणही श्वास आत घेऊन म्हणतोय.

शनिवारी दुकानं काही तास उघडतात. ओस्तानं कोट चढवला. "चल, त्या तुझ्या दुकानात. रविवारी पठार परत पार करायचंय, स्की माळ्यावरच्या जुन्या घेईन. मावसभावाकडे नको, त्याला काय सांगणार?"

योमारनं त्यांना पाहून दोन्ही हात पसरले. "आलीस! काय म्हणतात बूट? आणि ही? ही सासू! बस. म्हणजे बसू नकोस, उभी राहा."

ओस्ताचा पाय लांब आणि अरुंद निघाला. योमारनं तीन जोड काढले. ओस्तानं एकेकाला हातात घेऊन वास घेतला, टोकावर टकटक केलं. एक घातला. चालली. थांबली.

"चावत नाही," ती संशयानं म्हणाली.

"चावू नयेच."

"मग पायात आहे हे कळणार कसं?" तिनं तो काढला, बाजूला ठेवला आणि हाल्दिसच्या पायांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "नवे कशाला? नवे पायात रुळायला मोसम जातो. तुझे रुळून झालेत. तू हे नवे घे, तुझे मला दे. दोन जाड मोजे घातले की बसतील."

बोलणं इतकं सरळ, इतकं घरच्या कायद्याला धरून होतं की हाल्दिस खाली वाकलीसुद्धा. हात लेसपर्यंत गेला. यात गैर ते काय होतं? भेग तिनं लपवली होती. म्हातारीला बर्फात बसवलं होतं तिनं. एक जोड द्यायचा, एक घ्यायचा. रुळवून घ्यायला तिला बस होतीच. पुढचा शरद, पुन्हा खडी, पुन्हा ग्रीस.

बुटाच्या आत करंगळी हलली.

"नाही," हाल्दिस म्हणाली.

"काय नाही?"

"हे माझ्या पायाचे आहेत, ओस्ता. तुझ्या पायाला तुझे घे." आवाज बारीक निघाला होता, म्हणून तिनं पुन्हा सांगितलं. "भेग सांगितली नाही, ती माझी चूक. तुला डोंगरघरापर्यंत ओढत नेईन हवं तर. पण बूट देणार नाही."

योमार, जो झोपेतही बोलत असेल, तो भिंतीवरचे हातमोजे सारखे करू लागला.

ओस्ता आपल्या मोज्यातल्या पायाकडे पाहत राहिली. मोज्याच्या अंगठ्याला ठिगळ होतं, ठिगळावर ठिगळ. तिची स्वतःची करंगळीही आत वळलेली होती, ती आज पहिल्यांदाच कुणाला दिसली. तिनं तोच पाय योमारपुढे केला.

"उभा काय आहेस? दुसरा आण. हिच्यासारखा. चोच असलेला." मग हाल्दिसकडे न बघता म्हणाली, "आणि ओढायचंच झालं तर उतारावर हळू. कॉफी सांडली होती माझी."

हाल्दिसनं वाकून लेस बांधली. दुहेरी गाठ मारली.